फ्रॉन्सिस टॅव्हर्न: न्यूयॉर्कच्या या जुन्या घराबद्दल हमखास विचारले जाणारे प्रश्न

हे घर आहे कुठे?

मॅनहॅटनच्या अगदी खालच्या टोकाला, ५४ पर्ल स्ट्रीट, ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. वॉल स्ट्रीटपासून चालत पाच-सात मिनिटं. आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मध्येच हे विटांचं ठेंगणं उतरत्या छपराचं घर, त्यामुळे न शोधता दिसतं. आज पर्ल स्ट्रीटवर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही पण सुरुवातीला किनारा इथेच होता, पुढचे वॉटर स्ट्रीट, फ्रंट स्ट्रीट, साउथ स्ट्रीट हे सगळे नंतर भराव घालून केलेले. म्हणजे हे घर उभं राहिलं तेव्हा बंदर जवळजवळ दारात होतं, आणि या घराचं पुढे जे काही झालं ते बऱ्याच अंशी त्यामुळेच झालं.

बांधलं कोणी? पहिल्यापासून टॅव्हर्नच होती का?

नाही नाही, टॅव्हर्न बरीच नंतर. स्टीफन डीलान्सी नावाचा व्यापारी, मूळचा फ्रान्सच्या कां शहरातला, नाव एतियेन. १६८५ ला फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट लोकांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं तेव्हा जे हजारो लोक पळाले त्यातला हा एक. न्यूयॉर्कला येऊन व्यापारात जम बसवला, १७०० साली व्हॅन कोर्टलँड या बड्या डच घराण्यात लग्न केलं आणि ही जागा सासऱ्याकडून मिळाली. घर बांधलं १७१९ मध्ये. पुढे याच घराण्यातले लोक न्यायाधीश झाले, गव्हर्नरचा कारभार बघायला लागले, डीलान्सी स्ट्रीट हे नाव यांच्यावरूनच. आणि अमेरिकन क्रांतीच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी घराणं इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिलं म्हणून त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. ज्या घरात नंतर क्रांतीवाले जमायचे ते घर मुळात राजनिष्ठांचं, हे लक्षात ठेवा.

टॅव्हर्न होण्याआधी काही काळ इथे डान्स शिकवणारा एक मास्तर भाड्याने होता, नंतर डीलान्सीच्या पुढच्या पिढीच्या कंपनीचं गोदाम-दुकान होतं.

मग टॅव्हर्न कधी झाली?

१७६२ च्या जानेवारीत सॅम्युअल फ्रॉन्सिसने २,००० पौंडांना घर विकत घेतलं आणि पाटी लावली 'क्वीन्स हेड', म्हणजे राणी शार्लट, तिसऱ्या जॉर्जची नवी बायको, लग्न आदल्याच वर्षी झालेलं. धंदेवाईक माणूस, कोणाचं नाव चालतंय ते बघून पाटी लावली. मालकाच्या आडनावाने टॅव्हर्न ओळखली जायला लागली ती स्वातंत्र्यानंतर, तेव्हा राणीचं नाव मिरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

फ्रॉन्सिसचं नाव जेवणासाठी होतं, दारूसाठी नंतर. ठरलेल्या दरात जेवण, बाहेर डबे पाठवणं, मोठ्या पार्ट्यांची ऑर्डर घेणं, गोड पदार्थ, मुरवलेली फळं, सगळं करायचा. मधली काही वर्षं त्याने जागा दुसऱ्यांना चालवायला दिली आणि स्वतः दुसरीकडे बाग काढली, तिथे मेणाचे पुतळे ठेवले, तिकिटं लावली. एकूण गडी स्वस्थ बसणारा नव्हता.

टॅव्हर्न म्हणजे बारच ना शेवटी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळी गडबड होते. बार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काउंटर, बाटल्या आणि अंधार येतो, आणि मग लोकांना कळत नाही की एवढ्या मोठ्या घटना दारूच्या दुकानात कशा घडल्या. अठराव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये टॅव्हर्न म्हणजे गावची चावडी, पोस्ट, शेअर बाजार आणि हॉल हे सगळं एका छपराखाली. जहाज लागलं की कप्तान इथे, पेपर इथे वाचायचे, पत्रं इथे ठेवायची, लिलाव इथे, सौदा इथे, वरच्या मजल्यावर झोपायला जागा, आणि तीही बऱ्याचदा अनोळखी माणसाबरोबर एकाच पलंगावर. शहरात मोठी खोली असलेल्या जागा होत्याच कितीशा? चर्च, सिटी हॉल, आणि टॅव्हर्न. चर्चमध्ये वाद घालता येत नाहीत, सिटी हॉलमध्ये सरकार बसलेलं. उरलं काय?

इथे दुसऱ्या मजल्यावर 'लाँग रूम' होती, लांबलचक हॉल, आणि खरं सांगायचं तर या घराचा इतिहास म्हणजे त्या एका खोलीचा इतिहास आहे. ५ एप्रिल १७६८ ला शहरातले वीस व्यापारी या टॅव्हर्नमध्ये बसले आणि न्यूयॉर्क चेंबर ऑफ कॉमर्स सुरू झालं, जे व्यापाऱ्यांमधले तंटे कोर्टात न जाता मिटवायचं कामही करायचं. तेव्हा जागा चालवायला दुसऱ्यांकडे होती, फ्रॉन्सिस १७७० मध्ये परत आला.

क्रांतीवाले इथे कट करायचे म्हणतात, खरं का?

कट हा शब्द जरा जास्तच होतो, मीटिंगा व्हायच्या. सन्स ऑफ लिबर्टी, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या लोकांची संघटना, तिचं इथे येणंजाणं होतं. चहा समुद्रात फेकला तो बॉस्टनला एवढंच आपल्याला शाळेत शिकवतात, पण एप्रिल १७७४ ला न्यूयॉर्कमध्येही तेच झालं. चेंबर्स नावाचा कप्तान चोरून चहा घेऊन आला, त्याची उलटतपासणी याच घरात झाली आणि चहा गेला बंदराच्या पाण्यात.

आणि तो तोफेचा गोळा?

तो पण खरा. ऑगस्ट १७७५, २३ तारखेची रात्र. बॅटरीवरच्या, म्हणजे मॅनहॅटनच्या टोकाच्या किनाऱ्यावरच्या ब्रिटिश तोफा पळवायला काही लोक निघाले, त्यात किंग्ज कॉलेजची पोरं होती, आणि त्यातच होता अलेक्झांडर हॅमिल्टन. बंदरात उभ्या असलेल्या 'एशिया' या युद्धनौकेने गोळीबार केला आणि एक अठरा पौंडी गोळा टॅव्हर्नच्या छपरातून आत आला. घर पडलं नाही. तोफाही बऱ्याचशा पळवल्याच.

१७७६ च्या मोठ्या आगीतून हे घर कसं वाचलं?

वाऱ्याच्या दिशेने, दुसरं काही नाही. सप्टेंबर १७७६ ला ब्रिटिशांनी शहर घेतलं आणि आठवडाभरात, २०-२१ च्या रात्री, आग लागली. ती व्हाइटहॉलच्या धक्क्याजवळच्या 'फायटिंग कॉक्स' नावाच्या दुसऱ्या एका टॅव्हर्नमध्ये किंवा तिच्या आसपास सुरू झाली असं सांगतात, म्हणजे इथून अगदी हाकेच्या अंतरावर. शेकडो घरं गेली, ट्रिनिटी चर्च गेलं, आणि हे राहिलं.

युद्धात फ्रॉन्सिस नक्की कुणाच्या बाजूने होता?

मनाने क्रांतीवाल्यांच्या, पण पोट ब्रिटिशांच्या स्वयंपाकघरात. तो न्यू जर्सीला पळाला होता, १७७८ ला पकडून परत आणला आणि ब्रिटिश जनरल रॉबर्टसनकडे स्वयंपाकाला लावला. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की तिथलं उरलंसुरलं अन्न तो अमेरिकन कैद्यांना पोचवायचा आणि कानावर पडलेल्या बातम्याही पुढे द्यायचा, आणि युद्धानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच्या सेवेची दखल घेऊन पैसे दिले, म्हणजे अगदीच थाप नसणार. तेव्हाच्या शहरात असे दोन्ही दगडांवर पाय ठेवलेले लोक भरपूर होते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, शहर सात वर्षं शत्रूच्या ताब्यात होतं, जगायचं कसं?

इथे गुलामांचे खटले चालले होते असं कुठेतरी वाचलं, ते काय प्रकरण?

हे नीट सांगतो कारण या घराबद्दल बोलताना हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

युद्धात ब्रिटिशांनी जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम मालकाला सोडून आमच्याकडे येतील त्यांना स्वातंत्र्य. हजारो आले. युद्ध हरल्यावर १७८२ च्या प्राथमिक तहात मात्र कलम आलं की ब्रिटिशांनी जाताना 'निग्रो किंवा इतर मालमत्ता' नेऊ नये. अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनसकट सगळे अमेरिकन मालक म्हणायला लागले, आमचे गुलाम परत द्या. ब्रिटिश सेनापती गाय कार्लटनने मे १७८३ ला टॅपन गावातल्या भेटीत वॉशिंग्टनला तोंडावर सांगितलं, ज्यांना वचन दिलंय त्यांना परत देणार नाही, हवं तर नावं लिहून ठेवतो, पुढे भरपाईचं बघू. (त्या भेटीत जेवणाची सोय कोणाकडे होती? फ्रॉन्सिसकडे.)

मग वादाची प्रकरणं ऐकायला ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतिनिधींचं एक मंडळ बसलं, आणि ते बसायचं याच टॅव्हर्नमध्ये, दर बुधवारी, मे ते नोव्हेंबर १७८३. माणूस उभा राहणार, सांगणार की मी अमुक साली ब्रिटिशांकडे आलो, समोर मालक किंवा त्याचा माणूस म्हणणार हा माझा. ज्यांचं म्हणणं मान्य झालं त्यांना ब्रिटिश जनरल बर्चच्या नावाचा दाखला, आणि जहाजावर नाव चढणार. नोंदवहीत साधारण ३,००० माणसं आहेत, नाव, वय, अंगावरच्या खुणा, कोणाकडून पळाले, सगळं. बरेच जण नोव्हा स्कोशियाला, म्हणजे आजच्या कॅनडात गेले. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन नावाचा माणूस आहे, माउंट व्हर्ननमधून पळालेला, मालक जॉर्ज वॉशिंग्टन. ज्यांचं म्हणणं मान्य झालं नाही ते मात्र मालकाबरोबर परत.

आता तारखा बघा. नोव्हेंबरपर्यंत या घरात हे चाललं होतं, २५ नोव्हेंबरला ब्रिटिश गेले, त्याच संध्याकाळी इथेच विजयाची मेजवानी आणि तेरा टोस्ट, आणि ४ डिसेंबरला वॉशिंग्टनने अधिकाऱ्यांचा घेतलेला तो प्रसिद्ध निरोप. बरीच वर्षं गर्दीला फक्त शेवटचंच ऐकवलं गेलं. पुढे इथल्या म्युझियमने या सुनावण्यांवर प्रदर्शन लावलं, ते चांगलं केलं.

वॉशिंग्टनने निरोप घेतला म्हणजे नक्की काय केलं?

४ डिसेंबर १७८३, दुपारी बाराच्या सुमारास, लाँग रूम. उरलेसुरले अधिकारी जमले होते, फार नाही, कारण तोपर्यंत बहुतेक सैन्य घरी गेलं होतं. चित्रांत दाखवतात तशी खच्चून गर्दी नव्हती. थोडं खाणं झालं, कोणी बोलेना. वॉशिंग्टनने वाइनचा ग्लास भरला, दोन-तीन वाक्यं बोलला, तुमचे पुढचे दिवस आधीच्या दिवसांएवढेच भले जावोत अशा अर्थाची, आणि म्हणाला मला तुमच्यापर्यंत येणं होणार नाही, तुम्हीच एकेक जण येऊन हात द्या. जनरल हेन्री नॉक्स सगळ्यात जवळ होता. वॉशिंग्टनला रडू फुटलं, त्याने नॉक्सला मिठी मारली, आणि मग एकेक करत सगळ्यांना. कोणी एक शब्द बोललं नाही. मग तो बाहेर पडला, व्हाइटहॉलच्या धक्क्यावरून होडीत बसला, आणि २३ डिसेंबरला अनॅपोलिसला काँग्रेससमोर सेनापतिपदाचा राजीनामा दिला.

जिंकलेला सेनापती सैन्य घेऊन सत्तेवर बसत नाही, घरी जातो, ही गोष्ट त्या काळी अजब होती. म्हणून या दुपारचं एवढं कौतुक.

हे सगळं आपल्याला मुख्यतः एका माणसामुळे माहितीये, बेंजामिन टॉलमेज, वॉशिंग्टनच्या हेरखात्याचा माणूस. तो खोलीत होता, पण त्याने हे लिहिलं १८३० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. त्यामुळे शब्दन् शब्द तसाच असेल असं धरू नका. रडारड झाली एवढं नक्की धरा, हेरखात्याचा माणूस ते उगाच कशाला लिहील.

इथे अमेरिकेची सरकारी ऑफिसं होती हे खरंय?

हो, आणि हे ऐकून लोक चकित होतात. १७८५ मध्ये फ्रॉन्सिसने घर ब्रुकलिनच्या एका खाटकाला १,९५० पौंडांना विकलं, म्हणजे घेतलं त्याच्यापेक्षा ५० ने कमी, आणि जागा भाड्याने गेली नव्या देशाच्या सरकारला. परराष्ट्र खातं, युद्ध खातं आणि खजिना, तिन्ही इथे. परराष्ट्राला जॉन जे, आणि युद्ध खात्याला कोण, तर तोच हेन्री नॉक्स. दोन वर्षांपूर्वी ज्या घरात मिठी मारून रडला त्याच घरात फायली घेऊन बसला. १७८८ पर्यंत हे चाललं. राजधानीला स्वतःची इमारत नव्हती, टॅव्हर्नमध्ये खोल्या होत्या, भाडं ठरवलं, झालं.

फ्रॉन्सिसचं पुढे काय झालं?

वॉशिंग्टन १७८९ ला राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच्या घराचा मुख्य व्यवस्थापक. खर्चावरून बोलणी खाल्ली, मध्ये नोकरी गेली, परत बोलावलं, फिलाडेल्फियालाही त्यानेच घर सांभाळलं. १७९५ मध्ये तिथेच वारला आणि खूण नसलेल्या कबरीत पुरला गेला.

तो कृष्णवर्णीय होता का?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. 'ब्लॅक सॅम' असं टोपणनाव होतं हे खरं, आणि वेस्ट इंडीजमधून आला असावा असं मानतात. पण १७९० च्या जनगणनेत तो गोरा स्वतंत्र पुरुष म्हणून नोंदलाय आणि त्याच्या घरातही गुलाम होते. ब्लॅक हे टोपणनाव तेव्हा सावळ्या रंगाच्या, काळ्या केसांच्या गोऱ्यांनाही लावायचे. जे तैलचित्र वर्षानुवर्षं त्याचं म्हणून छापलं गेलं ते त्याचं नाहीच, असं अलीकडे संशोधनात निघालंय, तेव्हा निदान ते चित्र नाचवून वाद घालू नका. तो कसा दिसायचा हे दाखवणारं खात्रीचं चित्र एकही नाही.

त्याच्या मुलीने वॉशिंग्टनला विषारी मटारांपासून वाचवलं ती गोष्ट?

गोष्टच आहे. १७७६ ला वॉशिंग्टनविरुद्ध कट झाला होता आणि थॉमस हिकी नावाच्या त्याच्याच रक्षकाला २८ जूनला फाशी झाली, एवढं खरं. फीबी नावाची मुलगी, मटार, मटार खाऊन मेलेल्या कोंबड्या, हे नंतर चिकटलेलं. फ्रॉन्सिसच्या मुलांमध्ये फीबी सापडतच नाही. लहान मुलांना सांगायला मस्त आहे, सांगा.

एकोणिसाव्या शतकात घराचं काय झालं?

हाल. बोर्डिंग हाऊस, हॉटेल, सलून, जे चालेल ते. १८३२ पासून अनेकदा आग लागली, प्रत्येक वेळी डागडुजी करताना मजले चढत गेले, उतरतं छप्पर जाऊन सपाट झालं. जुने फोटो बघाल तर ओळखणार नाही, पाच मजली साधी चाळवजा इमारत आणि खाली बिअरची पाटी. १८९० मध्ये तळमजला रस्त्याच्या पातळीला आणला, समोरचा भाग बदलला आणि निघालेली जुनी लाकडं आठवण म्हणून विकली. म्हणजे कुणाकुणाच्या घरी या टॅव्हर्नचा तुकडा पेपरवेट होऊन पडला असेल.

मग वाचवलं कोणी?

१९०० च्या सुमाराला मालकाला पाडायचं होतं. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन या क्रांतीवाल्यांच्या वंशज बायकांच्या संस्थेने आरडाओरडा केला, शहर सरकारने जागा ताब्यात घेऊन बाग करायचं ठरवलं, आणि शेवटी १९०४ ला सन्स ऑफ द रिव्होल्यूशन या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेने विकत घेतली. पैसे आले त्यांच्या अध्यक्षाच्या मृत्युपत्रातून, फ्रेडरिक टॉलमेज. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? निरोपाची हकीकत लिहिणाऱ्या बेंजामिनचा नातू. आजोबांनी दुपार लिहून ठेवली, नातवाच्या पैशाने खोली वाचली.

मॅनहॅटनमधली सगळ्यात जुनी इमारत हीच का?

पाटी, गाइड, काही पुस्तकं, सगळे म्हणतात. मी नाही म्हणत.

१९०७ मध्ये विल्यम मर्सरो या आर्किटेक्टने जे केलं त्याला डागडुजी म्हणणं कठीण आहे. मूळ घराचं एकही चित्र किंवा नकाशा त्याच्याकडे नव्हता. चढवलेले मजले उतरवले, शेजारच्या भिंतीवर जुन्या छपराच्या उताराची खूण सापडली, तेवढा पुरावा. बाकी त्या काळची दुसरी घरं बघून अंदाज बांधला, विटा नव्या आणल्या, खिडक्या-दारं नव्याने ठरवली. जुन्या भिंतींचा काही भाग आत आहे, नाही असं नाही. पण रस्त्यावरून जे दिसतं ते १९०७ सालच्या माणसाला १७१९ सालचं घर कसं असावंसं वाटलं ते आहे. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला तो ठीकच आहे, पण विटांचं वय सांगून छाती फुगवण्यात अर्थ नाही.

मग बघायचं कशासाठी? जागेसाठी. पाया तोच, कोपरा तोच, धक्क्यापासूनचं अंतर तेच. ज्यांना 'खऱ्या विटा' हव्यात त्यांनी शेजारी ८५ ब्रॉड स्ट्रीटला खोदकामात सापडलेल्या सतराव्या शतकातल्या टॅव्हर्नच्या भिंतींचे अवशेष काचेखाली ठेवलेत ते बघावे, चालत दोन मिनिटं. तिथे छप्पर नाही, गोष्टी नाहीत, दगड आहेत.

१९७५ चा बॉम्बस्फोट इथेच झाला का?

हो. २४ जानेवारी १९७५, जेवणाच्या वेळी, रेस्टॉरंट भरलेलं. प्वेर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एफएएलएन या गटाने जबाबदारी घेतली. चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी. या स्फोटासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. आत स्मृतिफलक आहे, फोटो काढायच्या घाईत तो चुकवू नका.

आत्ता आत काय आहे?

खाली रेस्टॉरंट आणि बार, वर म्युझियम, आणि म्युझियम शेजारच्या इमारती धरून पाच इमारतींत पसरलंय. लाँग रूम टॅव्हर्नसारखी मांडलेली आहे, टेबलं, पाइप, पंचचे भांडे. संग्रहात वॉशिंग्टनच्या दाताचा तुकडा आणि केसांची बटही आहे, मुलांना घेऊन गेलात तर त्यांना तेच आवडणार. तारखा आणि तिकिटं आधी बघून जा, म्युझियम आणि रेस्टॉरंटच्या वेळा वेगवेगळ्या असतात, आणि वर जायचं असेल तर जेवायच्या आधी जा, जेवून मग वर चढायचा कंटाळा येतो आणि लाँग रूम राहून जाते.

जायचं कसं?

सबवेने १ नंबर साउथ फेरीला, नाहीतर आर किंवा डब्ल्यू व्हाइटहॉल स्ट्रीटला, नाहीतर ४ किंवा ५ बोलिंग ग्रीनला. तिन्हीकडून चालत काही मिनिटं. स्टेटन आयलंडची फुकट फेरी धरायची असेल तर वाटेतच आहे.